समुपदेशक नेमाल, पण कुटुंबासमोर बसायला त्यांना कोण शिकवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, असे त्यांत आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत ही माणसे लवकर नेमली जावीत, ही मागणी आमचीही आहे. पण नेमलेला माणूस मुलासोबत आणि त्याच्या घरच्यांसोबत नेमके काय करणार आणि ते त्याला कुणी शिकवलेले असणार, यावर कुणी बोलत नाही. म्हणून हे पत्र.

आज साधारण असे घडते. मूल शाळेत येईनासे होते, रात्री अंथरूण ओले करते किंवा परीक्षेच्या दिवशी पोट धरून बसते. शिक्षक त्याला समुपदेशकाकडे पाठवतात. अर्धा तास बोलणे होते, श्वासाचा व्यायाम शिकवला जातो, आईला बोलावून 'रागावू नका, मोबाइल कमी द्या' असे सांगितले जाते. संध्याकाळी मूल त्याच घरी परतते. तिथे बाप कामासाठी महिनोन्‌महिने सुरतेला असतो, आजी आणि आई एकमेकींशी बोलत नाहीत, आणि मुलाचे पोट दुखले की मात्र दोघी एकत्र येतात, बापाचा फोनही येतो. डॉक्टरांनी तपासून शरीरात काही सापडले नसेल, तर ही पोटदुखी त्या घरात कोणते काम करते आहे, हे आधी पाहावे लागते. ते न पाहता नुसती पोटदुखी घालवायला गेले की ती जात तरी नाही किंवा धाकट्या बहिणीचे काहीतरी सुरू होते. मुलाला त्याच्या नात्यांसकट समोर बसवून करायचे हे काम म्हणजे कुटुंबोपचार, ज्याला फॅमिली थेरपी म्हणतात. ते वाचून येत नाही, आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेने तर नाहीच.

कार्यशाळेतून प्रमाणपत्र घेऊन आलेला कार्यकर्ता पहिल्या खऱ्या कुटुंबासमोर दहा मिनिटांत कुठे अडखळतो, हे जवळपास ठरलेले आहे. खोलीत ज्याचा आवाज मोठा, त्याच्याशीच तो बोलत राहतो. कोण चूक, कोण बरोबर असा निवाडा घरचे मागतात आणि तो नकळत पंचाच्या जागी जाऊन बसतो. शांतता झाली की घाबरून सल्ला देतो. मुलाबद्दल मुलासमोरच 'हा घरी कसा वागतो?' असे विचारतो, जणू मूल तिथे नाहीच. सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सावरत गप्प बसते आणि वहीत नोंद होते, 'आईचे सहकार्य नाही'. खान्देशातल्या कितीतरी घरांत सून सासऱ्यासमोर मोकळेपणी बोलत नाही, ही रीत आहे. तिला सहकार्याचा अभाव म्हणणे चूक, आणि सगळ्यांसमोर तिला बोलते करण्याचा हट्ट त्याहून मोठी चूक. पहिल्या भेटीत दहा मिनिटे फक्त बायकांशी, दहा मिनिटे पुरुषांशी, दहा मिनिटे मुलाशी आणि मग सगळ्यांशी, असा क्रम लावला की तीच सून तिसऱ्या भेटीत सासऱ्यादेखत बोलू लागते. सगळ्यांना एकाच उंचीच्या खुर्च्या द्याव्यात, नाहीतर सगळ्यांनी सतरंजीवर बसावे. आजोबा खुर्चीवर, आई दाराशी उभी, अशा मांडणीत एक प्रश्नही विचारू नये.

या विद्येचा आपल्या देशातला इतिहास तसा जुना आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूत राहायला लावले आणि घरच्यांना उपचारात घेतले. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंबांसाठी वेगळा विभाग आहे. डॉ. विद्यासागर यांच्याच काळात पाश्चात्त्य देशांत मुलाच्या स्वमग्नतेचा किंवा स्किझोफ्रेनियाचा दोष आईच्या वागण्यावर टाकणारे सिद्धांत चालले होते आणि त्यांनी असंख्य आयांना विनाकारण गुन्हेगार ठरवले. ते सिद्धांत मागे पडले, तरी ती सवय गेलेली नाही. म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी एक गोष्ट पक्की करावी लागते: कुटुंबाला बोलवायचे ते उपचारातले भागीदार म्हणून, आजाराचे कारण म्हणून नव्हे. मुलाची श्रवणशक्ती, नजर, रक्तक्षय, फेफरे, अध्ययन अक्षमता यांची तपासणी झाल्याशिवाय घरातल्या नात्यांबद्दल कोणताही अंदाज बांधायला बसू नये.

आता शिकवायचे काय, ते सांगतो.

पहिले कौशल्य जिनोग्रामचे, म्हणजे तीन पिढ्यांच्या कुटुंबनकाशाचे. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, मृत व्यक्तीवर फुली, भावंडे डावीकडून उजवीकडे वयाच्या क्रमाने. जवळीक दुहेरी रेषेने, तणाव नागमोडी रेषेने, दुरावा तुटक रेषेने. लग्न, मृत्यू, स्थलांतर, जमिनीची वाटणी यांची साले बाजूला लिहायची, कारण मुलाची तक्रार सुरू झाल्याचे साल त्यांतल्या एखाद्याला लागून निघाले तर तिथे थांबून विचारता येते. चाळीस मिनिटे लागतात. बिघडते ते फॉर्म भरल्यासारखे केल्यावर. मोठा ड्रॉइंग पेपर जमिनीवर पसरावा आणि पेन मुलाच्या हातात द्यावा. घरात कोण कोण, हे रेशनकार्डावरून ठरवू नये. एका चुलीवर कोण जेवते, ते विचारावे. वेगळी चूल कधी झाली आणि कशावरून झाली, या एका प्रश्नातून अर्धे घर समजते. आश्रमशाळेतल्या मुलाच्या नकाशात अधीक्षिका आणि स्वयंपाकीण यांनाही जागा द्यावी, कारण वर्षाचे बहुतेक महिने ते मूल त्यांच्याजवळ असते.

दुसरे कौशल्य भेटीआधी अंदाज मांडण्याचे आणि तो सोडून देण्याचे. इटलीतल्या मिलान शहरात मारा सेल्विनी पालाझोली, लुइजी बोस्कोलो, जानफ्रांको चेकिन आणि ज्युलियाना प्राता या चौघांनी १९८० मध्ये या पद्धतीची सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांची भेट पाच टप्प्यांची असे: आधी गटात चर्चा, मग कुटुंबाशी बोलणे, मध्ये थांबून पुन्हा गटात चर्चा, मग कुटुंबाला एक निरोप किंवा काम, आणि शेवटी ते निघून गेल्यावर चर्चा. आपल्याकडे हे वीस मिनिटे, पंचेचाळीस मिनिटे, दहा, दहा आणि वीस मिनिटे असे बसते. अंदाज कागदावर लिहायचा आणि त्यात घरातला प्रत्येक माणूस आला पाहिजे. फक्त आई आणि मूल यांच्यावर बेतलेला अंदाज अपुरा समजून परत लिहायला लावावा. मिलानच्या गटाकडे कुटुंबे लांबून रेल्वेने येत, म्हणून त्यांनी भेटींमध्ये सुमारे महिन्याचे अंतर ठेवले. पुढे लक्षात आले की घर बदलायला तेवढा वेळ लागतोच. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून दर आठवड्याला कुणी येऊ शकत नाही, म्हणून इथे हे काम चालणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. महिन्यातून एकदा, आठवडे बाजाराच्या दिवशी, तालुक्याच्या ठिकाणी भेट ठेवली तर घरचे येतात.

तिसरे कौशल्य प्रश्नांचे. 'तुला वाईट वाटते का?' या प्रश्नाला मूल मान हलवते आणि विषय संपतो. दोन माणसांमधल्या नात्याबद्दल तिसऱ्याला विचारायचे, ही या पद्धतीची खरी ताकद. 'तुनी माय रडस तवय सगळासना पहिले तिना जोडे कोन जास?' (तुझी आई रडते तेव्हा सगळ्यांत आधी तिच्याजवळ कोण जाते?) हा प्रश्न अहिराणीतून नऊ वर्षांच्या मुलाला विचारला की उत्तर देताना ते थोडा वेळ विचार करते, आणि त्या वेळात घरातली सगळी माणसे एकमेकांकडे बघतात. 'आजोबा गेल्यापासून बाबा आणि काका जास्त बोलतात की कमी?', 'ताईचे लग्न झाल्यावर आईची सगळ्यात जास्त काळजी कोण करेल?', 'पोटदुखी उद्या थांबली, तर सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येईल?' असे फरकाचे, क्रमाचे, आधी-नंतरचे आणि पुढच्या काळाचे प्रश्न प्रशिक्षणार्थ्याने स्वतःच्या बोलीत तयार करावेत. अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत. पुस्तकी मराठीत विचारलेला प्रश्न घरच्यांना तपासणीसारखा वाटतो. बोली येत नसेल तर दुभाषा घ्यावा. पण मुलाला किंवा नातेवाइकाला कधीही दुभाषा करू नये. दुभाष्याला आधी वीस मिनिटे काम समजावून द्यावे आणि बोलणारा जसे बोलतो तसेच, 'मी' म्हणत, भर न घालता सांगायला लावावे.

नंदुरबारच्या बाबतीत एका विषयाला प्रशिक्षणात वेगळा दिवस द्यावाच लागेल: सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून मुलात येणारा रक्ताचा आजार. वेदनेचे झटके येणारे मूल शाळा बुडवते, घर त्याच्याभोवती फिरू लागते, धाकटी भावंडे मागे पडतात, आणि दोष जातो सुनेच्या रक्तावर. वास्तविक आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसलेले पण आजार पुढे देऊ शकणारे, असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि दोन्ही नसण्याची चारात एक असते. हे तोंडी सांगून पटत नाही. वडिलांच्या मुठीत एक लाल आणि एक पांढरा दाणा, आईच्या मुठीत तसेच दोन. आजीने डोळे मिटून दोन्ही मुठींतून एकेक दाणा उचलायचा. लाल दाणा आजाराचा. दोन्ही लाल आले तर आजार. दाणे परत ठेवून आठ-दहा वेळा उचलायला लावावे, म्हणजे चार मुलांत एकच आजारी निघेल असा गैरसमजही राहत नाही. दर वेळी चिठ्ठी नव्याने निघते. आणि लाल दाणा मुलाच्या, म्हणजे आपल्या लेकाच्या, मुठीतूनही येतो हे आजी स्वतःच्या हाताने पाहते. त्यानंतरचा अर्धा तास कामाच्या वाटणीला द्यावा: शाळेत पाण्याची बाटली भरून कोण देणार, थंडीत अंघोळीचे पाणी कोण तापवणार, गोळीची आठवण कोण ठेवणार, ताप आला किंवा झटका आला तर दवाखान्यात न्यायचे कुणी ठरवणार आणि तो माणूस घरी नसेल तर कुणी. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक घरे अडतात. निर्णय घेणारा ऊसतोडीला गेलेला असतो आणि बाकीचे त्याच्या फोनची वाट बघतात.

याच ठिकाणी एक इशारा. मुकादमाकडून उचल घेतली आहे म्हणून दिवाळीनंतर मुलाला सोबत नेणारे आईबाप 'संवाद कमी पडतो' या निदानात बसत नाहीत. गरिबी, कर्ज आणि स्थलांतर यांना घरातल्या स्वभावदोषांचे नाव देणे हा या क्षेत्रातला सर्वांत सोपा आणि सर्वांत अन्यायकारक प्रमाद आहे. अशा वेळी नकाशात मुकादम, शाळा, ग्रामपंचायत, आश्रमशाळेतली रिकामी जागा हे सगळे यायला हवे आणि काम तिथेही करायला हवे.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड चालत नाही. पहिल्या पाच मिनिटांत घरच्यांना सांगावे की इथले बोलणे बाहेर जाणार नाही, पण मुलाला इजा होत असेल तर ते आम्हाला कळवावेच लागेल. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. हिंसा करणारा आणि सोसणारा यांना एकत्र बसवून 'दोन्ही बाजू' ऐकणे म्हणजे मारहाणीला मान्यता देणे. बालविवाह ठरतो आहे असे भेटीत कळले, तर गावपातळीवर ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हा प्रतिबंधक अधिकारी आहे, आणि मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक प्रशिक्षणार्थ्याला तोंडपाठ असला पाहिजे. कुणाचीही बाजू न घेण्याची शिस्त या मर्यादेच्या आत पाळायची असते.

हे सगळे वर्गात सांगून होईल, पण अंगी बाणेल ते एकाच मार्गाने: प्रशिक्षणार्थी काम करत असताना जाणत्या माणसाने ते प्रत्यक्ष पाहिले पाहिजे. आमचा सगळा आग्रह इथे आहे. नंतर सांगितलेल्या हकिकतीवर मार्गदर्शन केले तर मार्गदर्शकाला फक्त प्रशिक्षणार्थ्याला जे दिसले तेवढेच कळते; जे त्याला दिसलेच नाही, ते कायमचे राहून जाते. परदेशात यासाठी एका बाजूने दिसणारी काच असते. आपल्याला शेजारशेजारच्या दोन खोल्या, तिपाईवर एक मोबाइल कॅमेरा, लांब केबल आणि पलीकडे एक टीव्ही एवढे पुरते. आवाजासाठी कुटुंबाच्या मध्ये वेगळा माइक ठेवावा. चित्र धूसर चालेल, आवाज अस्पष्ट चालत नाही, आणि पंख्याखाली माइक ठेवला की सगळे रेकॉर्डिंग वाया जाते. एका मार्गदर्शकामागे चारच प्रशिक्षणार्थी. एक कुटुंबासोबत, तिघे पलीकडे. पलीकडून फोन करायचा तो एका भेटीत फार तर दोनदा, आणि एका वेळी एकच वाक्य: 'आजीला विचारा', 'मुलाला चित्र काढायला द्या', 'पाच मिनिटे गप्प राहा'. लांबलचक सूचना दिल्या की प्रशिक्षणार्थी गोंधळतो आणि कुटुंबाचा त्याच्यावरचा विश्वास उडतो. रेकॉर्डिंगसाठी घरातल्या प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी, मुलालाही त्याच्या भाषेत विचारावे, नाही म्हटले तर कॅमेरा बंद करून मार्गदर्शकाने त्याच खोलीत कोपऱ्यात बसावे. फाइल कार्यकर्त्याच्या स्वतःच्या फोनवर कधीही नको. संस्थेच्या कुलूपबंद डिस्कवर ठेवावी आणि ठरलेल्या तारखेला पुसावी.

नॉर्वेतल्या टॉम अँडरसन यांनी १९८० च्या दशकात याच्या पुढचे पाऊल टाकले. पलीकडे बसलेल्या गटाने आपसातली चर्चा कुटुंबाच्या देखत करायची. सहा-सात मिनिटे, दोघे-तिघे, फक्त जे ऐकले त्यावर, 'मला प्रश्न पडला की...' अशा सुरात. सल्ला नाही, निदान नाही. मग शेवटचा शब्द कुटुंबाचा. वडीलधाऱ्यांना थेट उलट बोलणे आपल्याकडे जड जाते. दुसरी माणसे आपल्याबद्दल आदराने बोलताना ऐकणे मात्र सगळ्यांनाच मानवते. त्यामुळे खान्देशात ही पद्धत चांगली रुजेल, असे आमचे ठाम मत आहे.

प्रशिक्षणार्थ्याने स्वतःच्या घराचा जिनोग्रामही गटासमोर मांडावा, कारण आपण कुणाच्या बाजूला झुकतो हे तिथे समजते. मात्र किती सांगायचे ते त्यानेच ठरवावे, आणि त्याला गुण देऊ नयेत.

ब्रिटनमध्ये पूर्ण कुटुंबोपचारक व्हायला टप्प्याटप्प्याने सुमारे चार वर्षे लागतात आणि आधीची एखादी पदवी किंवा पेशा लागतो. आम्ही पहिल्या टप्प्यापुरते एका वर्षाचे सुचवतो. महिन्यातून एक शनिवार-रविवार, असे चोवीस दिवस. प्रत्येकाने तीन कुटुंबांना प्रत्येकी किमान पाच वेळा भेटावे आणि त्यांतल्या दहा भेटी मार्गदर्शकाने प्रत्यक्ष पाहिलेल्या असाव्यात. शिवाय दर महिन्याला रेकॉर्डिंगमधली फक्त दहा मिनिटे प्रशिक्षणार्थ्याने निवडून आणावीत, सोबत आपला एक प्रश्न. दहा भेटी पाहून झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. ठिकाण अमळनेर सोयीचे: सुरत-भुसावळ मार्गावर असल्याने नंदुरबार आणि जळगाव दोन्हीकडून थेट रेल्वे, धुळ्याहून रस्ता जवळचा, आणि समाजकार्य महाविद्यालय तिथे आहेच. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने अभ्यासक्रमाला मान्यता द्यावी. तिन्ही जिल्ह्यांतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांनी रुग्ण-कुटुंबे पाठवावीत आणि औषधोपचाराची बाजू सांभाळावी. पहिल्या वर्षी बाहेरून दोन अनुभवी मार्गदर्शक बोलवावेत आणि त्यांच्याकडून आधी इथलेच सहा मार्गदर्शक तयार करून घ्यावेत; नाहीतर पाहुणे गेले की काम बंद.

पहिल्या तुकडीत शाळांचे समुपदेशक, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले सामाजिक कार्यकर्ते, आश्रमशाळांचे अधीक्षक-अधीक्षिका आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले कर्मचारी मिळून चोवीस जण असावेत. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या भेटी जून ते दिवाळीदरम्यान उरकाव्यात, पुढची भेट होळीला माणसे सातपुड्यात परततात तेव्हा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. मुलाच्या आजोळशी बोलायचे असेल तर त्याहून चांगली वेळ नाही. वडिलांना आईमार्फत निरोप देऊ नये. कार्यकर्त्याने स्वतः फोन करावा आणि 'मुलाबद्दल तुमचा अनुभव आम्हाला हवा आहे' असे सांगावे.

खर्चात सगळ्यात मोठी बाब यंत्रांची नाही, वेळेची आहे. प्रशिक्षणाचे दोन दिवस कर्मचाऱ्याच्या रजेतून कापले जाणार असतील आणि प्रवास त्याच्या खिशातून होणार असेल, तर तिसऱ्या महिन्यात निम्मी तुकडी गळेल. ते दिवस कर्तव्यावर धरण्याचे आणि प्रवासभत्त्याचे लेखी आदेश महिला व बालविकास, आदिवासी विकास, शिक्षण आणि आरोग्य या चारही विभागांनी जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी काढावेत, आणि त्यांची प्रत प्रत्येक मुख्याध्यापक व प्रकल्प अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचेल असे पाहावे, अशी आमची विनंती आपल्या दैनिकामार्फत संबंधितांपर्यंत जावी.

आपले,
बालक व कुटुंब समुपदेशनाच्या प्रशिक्षणात काम करणारे काही सहकारी
जळगाव, धुळे, नंदुरबार